भरलेली टाकी

बटाट्याच्या शेडमध्ये एक्केचाळीस बायका कामाला होत्या आणि सकाळी आठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत त्यांच्यातली एकही पाणी प्यायची नाही.

तसा नियम कुणी केलेला नव्हता. नवी बाई कामावर आली की जुन्या बाया तिला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवत. उजेड लागून हिरवा पडलेला बटाटा बाजूला काढायचा, ही पहिली. आणि घरून निघताना घोटभर पाणी प्यायचं, मग थेट घरी जाऊनच, ही दुसरी. शेडला बायकांसाठी संडास नव्हता. पुरुषांना कुठलीही भिंत चालायची, शिवाय अख्खं शिवार त्यांचंच. बायकांनी मात्र रस्ता ओलांडायचा, ट्रक भरणाऱ्या हमालांच्या समोरून जायचं, ओढ्याकाठची झुडपं गाठायची आणि तितक्याच नजरा झेलत परत यायचं. त्यापेक्षा तहान बरी, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आमची थोरली या शेडमध्ये अकरा वर्षं बटाटे निवडत होती. घरात दोन सुना, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. घरचीच नावं गावानं उचलली. थोरलीचा हात असा की ढिगाकडे न बघता मोठा, मध्यम आणि गोळी असे तीन भाग करायची. पण तोंडाला कुलूप. चारपेक्षा जास्त माणसं समोर आली की तिची जीभ टाळूला चिकटायची. दुकानात ती बोटानं दाखवून सामान घ्यायची. एकदा दुकानदारानं साबणाऐवजी शेजारची मेणबत्ती दिली, तर हिनं मेणबत्ती घरी आणली पण बदलून मागितली नाही. सासूनं आठवडाभर तिला विचारलं, ‘‘थोरले, आज कशानं अंघोळ करू, उजेडानं?’’

मुकादमाला तिचा हात ठाऊक होता, आवाज ठाऊक नव्हता. शेडमध्ये आवाज होता तो भोंग्याचा. भोंगा ही एक बाईच. तिला गावानं हे नाव दिलं होतं आणि तिनं ते मानानं मिरवलं होतं. पाणी न पिण्यावर तिच्याकडे पंचवीस विनोद होते आणि त्यातला एकही पुरुषांसमोर सांगण्यासारखा नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात पत्रे असे तापले की तीन बायका भोवळ येऊन ढिगावरच पडल्या. शेड चालवणाऱ्या संस्थेचे चेअरमन हळहळले. माणूस वाईट नव्हता. बायकांना उन्हात पाणी मिळत नाही, असं त्यांनी धरलं आणि महिन्याभरात शेडच्या दाराशी पाण्याची टाकी बसवली. चार नळ, वर सावलीला पत्रा, थंड राहावं म्हणून भोवती ओलं पोतं. पहिला पेला स्वतः चेअरमन प्यायले. ‘‘आता तरी ठीक ना?’’ असं त्यांनी बायकांना विचारलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. भोंगा म्हणाली, ‘‘फार छान झालं, साहेब. तुमचे उपकार.’’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनंही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या, कारण आपल्यासाठी कुणी काही केलं याचं तिला खरोखरच अप्रूप वाटलं होतं.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. टाकी भरलेलीच राहायची. दर आठ दिवसांनी मुकादम जुनं पाणी अंगणात सोडून द्यायचा, तेवढीच धूळ बसायची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हे. हमाल प्यायचे, ड्रायव्हर प्यायचे, पण ते घामानंच जिरवायचे, नाहीतर भिंतीवर. बायका नळावर फक्त हात धुवायच्या.

या उन्हाळ्यात धाकटीला सहावा महिना लागला होता. एका दुपारी बटाटे निवडता निवडता तिला हुडहुडी भरली. त्या उन्हात दात वाजायला लागले. थोरलीनं तिच्या कपाळाला हात लावला तर तवा. तिचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, परगावी ट्रॅक्टरवर होता. थोरलीचा नवरा शेडमध्येच हमाल. त्यानं पाठीवरचं पोतं टाकलं आणि दोघींना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी तपासायला पाठवली आणि विचारलं, ‘‘दिवसभरात पाणी किती पिता?’’

धाकटी खाली बघायला लागली. थोरलीही खाली बघायला लागली.

‘‘मी भिंतीला विचारत नाहीये,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

‘‘सकाळी पिते,’’ धाकटी म्हणाली. ‘‘मग संध्याकाळी.’’

‘‘आणि लघवीला?’’

‘‘तसंच.’’

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या हळू बोलल्या. ‘‘लघवीच्या जागेला संसर्ग झालाय. वर मूत्रपिंडापर्यंत गेलाय. औषधानं उतरेल. पण हाच ताप परत आला तर बाळ दिवस भरायच्या आधी येईल, आणि मग मी काही कबूल करू शकत नाही. दर तासाला पाणी प्यायचं आणि आलं की जायचं. थांबायचं नाही.’’

धाकटी आठ दिवस दवाखान्यात होती. थोरली खाटेशेजारी बसून तिला पेल्यानं पाणी पाजायची. धाकटीला आई नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची पोर, रात्री दिवा विझला की रडायची. तिला शेडमध्ये थोरलीनंच नेलं होतं. हिरवा बटाटा कसा ओळखायचा ते दाखवलं होतं, आणि त्याच दिवशी, अगदी कौतुकानं, ती दुसरी गोष्टही शिकवली होती. हे थोरलीला त्या खाटेशेजारी आठवलं आणि तिनं पेला परत भरला.

आठव्या दिवशी घरी आल्यावर धाकटी म्हणाली, ‘‘ताई, पंधरा दिवसांनी मी परत येणार हं कामाला. बसून निवडायला डॉक्टरीणबाईंची ना नाही. घरात बसून काय करू, आईंचं घोरणं ऐकू?’’

‘‘मी घोरत नाही,’’ आतून सासू म्हणाली.

‘‘आणि जायचं कुठं?’’ थोरलीनं विचारलं. ‘‘दर तासाला ओढ्यावर? सहाव्या महिन्यात?’’

‘‘नाही जाणार. थोडं थांबेन,’’ धाकटी म्हणाली.

त्या ‘थोडं थांबेन’नं तिची रात्रीची झोप उडाली. ही पोर परत थांबणार होती, आणि थांबायला तिला शिकवणारी आपण.

पुढच्या आठवड्यात संस्थेची वार्षिक सभा होती. डब्याच्या सुट्टीत थोरलीनं हा विषय भोंग्याच्या कानात घातला. भोंग्यानं तो सगळ्या शेडच्या कानात घातला. सभेत मागायचंच, असं ठरलं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? सगळ्यांनी भोंग्याकडे बघितलं. ‘‘त्यात काय,’’ भोंगा म्हणाली, ‘‘मी बोलते की. मला काय कुणाची भीती?’’

थोरलीच्या छातीवरचा दगड उतरला. घरी येऊन तिनं सासूला ही बातमी सांगितली.

सासू गायीपुढे चारा टाकत होती. ‘‘भोंगा बोलणार?’’ ती म्हणाली. ‘‘टाकीच्या वेळी कोण बोललं होतं?’’

‘‘तीच.’’

‘‘काय बोलली होती?’’

‘‘फार छान झालं म्हणून.’’

‘‘मग आता काय वेगळं बोलेल? जिचा आवाज मोठा तिला लाजही मोठी असते, थोरले. ती बायकांत वाघीण आहे. तू बोल.’’

‘‘आई, मला जमायचं नाही. मला दुकानात साबण मागता येत नाही.’’

सासूनं हात झटकले आणि ओट्यावर बसली. बाई सत्तरीची, वीस वर्षं तिनंही त्याच शेडमध्ये काढलेली. ‘‘माझं मुतखड्याचं ऑपरेशन कशानं झालं, माहीत आहे?’’ ती म्हणाली. ‘‘मी कधी सांगितलं नाही, कारण सांगायला लाज वाटली. मला माझ्या सासूनं शिकवलं, पाणी पिऊ नकोस. मी तुला शिकवलं. तू त्या पोरीला. या घरात सासूकडून सुनेला दुसरं काही मिळालं नसेल, पण हे न चुकता मिळालं. एकट्या तुझीच चूक धरून बसू नकोस. पण आता पुरे कर.’’

थोरली रडली. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘काय बोलायचं, ते तरी सांगा.’’

त्या दिवसापासून धार काढताना थोरली गायीशी बोलायला लागली. ‘‘नमस्कार, आम्हा बायकांची एक अडचण आहे,’’ असं ती गायीला सांगायची. गाय समजूतदार होती, दूध देत उभी राहायची. तीन दिवसांनी सासू म्हणाली, ‘‘गाय झाली, आता माणूस घे.’’ तिनं चष्मा लावला, पाटावर मांडी घातली आणि घसा खाकरला. ‘‘मी चेअरमन. बोला.’’

‘‘आम्हा बायकांची एक...’’

‘‘ऐकू येत नाही.’’

‘‘आम्हा बायकांची एक अडचण...’’

‘‘तुमच्या मालकांना पाठवा. बायकांनी सभेत कशाला बोलायचं?’’

थोरलीला हसू आलं, आणि हसता हसताच तिनं परत सुरुवात केली. सासू तिची अशी वाट अडवायची की खरा चेअरमन लाजला असता. खाटेवर पडल्या पडल्या धाकटी मुकादम व्हायची आणि मधेमधे म्हणायची, ‘‘वेळ संपली.’’

एका संध्याकाळी नवरा हे सगळं दारातून बघत उभा राहिला. ‘‘हवं तर मी बोलतो,’’ तो म्हणाला. ‘‘मी सभासद आहे.’’

‘‘काय बोलाल?’’ थोरलीनं विचारलं.

त्यानं कान खाजवला आणि म्हणाला, ‘‘खरंय. मलाही नाही येणार. ट्रकपाशी आम्हीच तर उभे असतो.’’ अकरा वर्षांत त्याला हे सुचलं नव्हतं, आणि आज सुचल्यावर त्यानं ते लपवलं नाही, याबद्दल थोरलीनं मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

‘‘पण लोक माझ्याकडे बघतील ना,’’ त्या रात्री ती सासूला म्हणाली.

‘‘बघू देत. तू काय बटाटा आहेस, उजेडात हिरवी पडायला?’’

सभा शेडमध्येच होती. अर्धा दिवस काम बंद. पालथ्या क्रेटवर सभासद बसले. पुढे टेबल, टेबलामागे चेअरमन, शेजारी मुकादम वही घेऊन. बायका मागे पोत्यांच्या थप्पीला टेकून उभ्या. पत्रे कडकड वाजत होते. चेअरमननी वर्षाचा अहवाल वाचला, आणि त्यात टाकी आलीच. ‘‘आपल्या भगिनींसाठी संस्थेनं केलेली सोय,’’ ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की थोरलीला वाटलं, या माणसाचा आनंद आपण कशाला मोडायचा? मिळालं ते गोड मानावं की.

‘‘कुणाला काही बोलायचंय?’’

बायकांनी भोंग्याला कोपरानं ढोसलं. भोंगा एक पाऊल पुढे गेली. शंभर पुरुषांनी मान वळवली. भोंग्याचा चेहरा लाल झाला, ओठ हलले आणि त्यातून काहीच आलं नाही. ती एक पाऊल मागे आली. आयुष्यात पहिल्यांदा भोंगा बंद पडला होता.

‘‘नाही ना कुणाला? मग सभा संपली असं...’’

‘‘टाकी चांगली आहे,’’ कुणीतरी म्हणालं.

तो आपलाच आवाज आहे हे थोरलीला दुसऱ्या क्षणी कळलं. पाठ केलेलं ‘आम्हा बायकांची एक अडचण’ पार उडून गेलं होतं. सगळे बघत होते. तिनं थप्पीतल्या एका पोत्याचा कान मुठीत घट्ट धरला.

‘‘टाकी चांगली आहे, साहेब,’’ ती परत म्हणाली. ‘‘आमच्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं. पण आम्ही तिचं पाणी पीत नाही.’’

चेअरमनचा चेहरा पडला. ‘‘का? खारं आहे?’’

‘‘गोड आहे.’’

‘‘मग?’’

‘‘प्यायलं तर जायचं कुठं?’’

बाहेर टाकीचा नळ ठिबकत होता. मग एक म्हातारा सभासद म्हणाला, ‘‘अहो, या गोष्टी काय सभेत बोलायच्या असतात? चार माणसांत?’’ मागून कुणीतरी फिसकन हसलं.

थोरलीची जीभ टाळूकडे निघाली. पण या म्हाताऱ्याचं बोलणं तिनं पाटावरच्या चेअरमनकडून चार वेळा ऐकलं होतं, आणि पाटावरचा चेअरमन याच्यापेक्षा फार खवट होता.

‘‘चार माणसांतच बोलायची वेळ आली, काका,’’ ती म्हणाली. ‘‘माझी जाऊ याच शेडमध्ये तापानं पडली. सहावा महिना. आठ दिवस दवाखान्यात होती. लघवी धरून धरून आजार झाला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परत झाला तर बाळ हाती लागायचं नाही. माझ्या सासूचं पोट कापलं ते यानंच. गेल्या उन्हाळ्यात तिघी पडल्या, त्या पाणी नव्हतं म्हणून नाही पडल्या. पाणी होतं. पीत नव्हत्या. आम्ही एक्केचाळीस जणी आहोत. आज सकाळपासून कुणी पाणी प्यायलंय का, विचारा.’’

चेअरमननी मागे पाहिलं. ‘‘कुणी प्यायलंय?’’

एकही हात वर झाला नाही. भोंगा खाली बघत होती.

‘‘मग वर्षभर कुणी बोललं का नाही?’’ चेअरमनच्या आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. ‘‘टाळ्या वाजवल्यात तुम्ही. आभार मानलेत.’’

‘‘ते खोटे नव्हते. मी आजही मानते. चूक आमचीही आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा आम्ही सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी केली. म्हणून आज सांगते. बायकांसाठी संडास हवेत.’’

शब्द सुटला. छत पडलं नाही.

मुकादमानं वही चाळली. ‘‘साहेब, हा विषय कार्यक्रमात नाही. रीतीप्रमाणे पुढच्या सभेत घ्यावा लागेल.’’

‘‘पुढची सभा वर्षानं,’’ थोरली म्हणाली. ‘‘आम्ही रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबतो, साहेब. तेवढं थांबणं पुरे आहे.’’

यावर पहिल्यांदा हसल्या त्या बायका. मग क्रेटवरचेही काही हसले, पण ते हसणं मघासारखं नव्हतं. हमालांच्या रांगेत थोरलीचा नवरा उभा राहिला. त्यानं हात वर केला. त्याच्या शेजारच्यानं केला. मग एकेक करत सभासद हात वर करून उठले आणि क्रेट मोकळे व्हायला लागले. तो म्हातारा सभासद सगळ्यात शेवटी, गुडघ्यावर हात टेकत उठला आणि पुटपुटला, ‘‘आमच्या घरातही तिघी आहेत कामाला. त्यांनी कधी सांगितलं नाही.’’

चेअरमननी चष्मा काढून पुसला. ‘‘कुठं बांधायचे, ते तुम्हीच सांगा,’’ ते थोरलीला म्हणाले.

एकदा बांध फुटल्यावर पाणी कुठं थांबतं? तिनं सगळं सांगितलं. ट्रकच्या बाजूला नको, मागे, गोदामाच्या आडोशाला. दार भिंतीकडे उघडणारं. कडी आतून, आणि ती चांगली बसणारी. आत पाणी. एक नको, निदान तीन. मुकादम लिहून घेत होता आणि मधेच म्हणाला, ‘‘जरा हळू सांगा, बाई.’’ अकरा वर्षांत थोरलीला कुणी हळू बोल म्हटलं नव्हतं.

सभा संपल्यावर ती पोत्यावरच बसली. भोंगा येऊन तिच्याजवळ टेकली आणि म्हणाली, ‘‘माझा आवाज कुठं गेला गं ऐन वेळी?’’

‘‘तू पुढे पाऊल टाकलंस ना,’’ थोरली म्हणाली. ‘‘त्यानं सभा दोन क्षण थांबली. नाहीतर संपलीच होती.’’ हे खरंच होतं. भोंग्यानं तिला मिठी मारली. दोघींनाही घामाचा आणि मातीचा वास येत होता.

पाया खणायला हमाल आपणहून आले, काम सुटल्यावर तास तास. तीन आठवड्यांत तीन दारं उभी राहिली. धाकटीला त्या आधीच कामावर यायचं होतं, पण सासूनं तिला दारं लागेपर्यंत सोडलं नाही. कड्या सासूनं स्वतः येऊन वाजवून बघितल्या आणि एक बदलायला लावली. हमालांनी ट्रक उभा करायची जागा पलीकडे हलवली. त्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं तर तो आकाशाकडे बघत होता.

इतकं होऊनही पहिले दोन दिवस बायका घोळक्यानं, कुजबुजत, चोरासारख्याच जाऊन आल्या. पिढ्यान्पिढ्यांची लाज अशी दोन दिवसांत जात नाही. थोरली मुद्दाम पेला भरून ढिगाशेजारी ठेवायची आणि सगळ्यांसमोर प्यायची, तरी उठताना तिचीही नजर खालीच.

तिसऱ्या दिवशी धाकटी कामाला आली. सातवा निम्मा सरला होता. मुकादमानं तिला बसायला उंच क्रेट दिला. दहाच्या सुमाराला शेड भरात होती. मुकादम टेबलाशी पोती मोजत होता, दारात दोन ड्रायव्हर उभे होते. धाकटीनं हातातला बटाटा मध्यममध्ये टाकला, पोटाला आधार देत उठली आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘ताई, मी लघवीला जाऊन येते. माझा ढीग बघ.’’

भोंग्याचा हात हवेत राहिला.

‘‘बत्तीस, तेहेतीस,’’ मुकादम मोजत होता. त्यानं मान वर केली नाही. ‘‘सावकाश जा गं, मागे ओलं आहे. चौतीस.’’

धाकटी सावकाश गेली. ड्रायव्हर गप्पा मारतच राहिले. थोरलीला समोरचे बटाटे दिसेनासे झाले. कुणाकुणाचे उपकार मानावेत ते तिला कळेना. सासूचे, नवऱ्याचे, चेअरमनचे, त्या गायीचे. तिनं बाहीनं डोळे पुसले, आणि एक हात आपल्या ढिगात अन् एक धाकटीच्या ढिगात घालून ती निवडत राहिली.